घंटी थांबली की बसायचं

गढीची फेरी आखायची तर आधी चुलीतली राख लागते, हे माझ्या नातीला पटत नाही. शीतल यवतमाळला कॉलेजात शिकते. या वेळी सुट्टीत आली तेव्हा ओट्यावर माझ्याशेजारी बसली, मोबाईलवर गढीचं टेकाड काढलं आणि त्याच्या भोवतीनं बोटानं एक रेघ ओढली. म्हणाली, "आबा, हे पाहा. मॉडरेट आहे." मी विचारलं, म्हणजे काय. "म्हणजे लई सोपी नाही, लई अवघड नाही. जंगलातून वर जायचं, गढी पाहायची, मागच्या अंगानं उतरायचं. गोल आहे, जिथून निघालो तिथंच येतो." मी म्हटलं, "गोलच असते थे. तुले काय वाटलं, आम्ही जाऊन तिथंच राह्यत होतो?" ती हसली आणि म्हणाली, "तुम्ही पण चला ना मंग." माझ्या गुडघ्याची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे, पण ती माझ्या तोंडून कोणी ऐकलेली नाही.

तिनं तशी रेघ ओढली म्हणून मी हे लिहायला घेतलं. शाळा मी दुसरीपर्यंत पाहिली. पुढचा मास्तर तांड्याची पोरं मागं बसवायचा. मी मागं बसलो नाही, उठून घरी आलो आणि पुन्हा गेलो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. अक्षर माझं मोठं येतं, पण ओळ सरळ येते. घरात आम्ही गोरबोली बोलायचो, ती सगळ्यांना समजायची नाही, म्हणून बोलणं वऱ्हाडीत लिहितो.

आमचा तांडा महागाव तालुक्यात, फुलसावंगीच्या बाजूला, टेकाडाच्या पायथ्याशी. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. माझ्या आजाच्या आधीच ते बंद पडलं. मी जन्मलो तेव्हा आम्ही कास्तकार होतो, कपाशी, तूर, ज्वारी. त्या फिरस्तीतलं घरात उरलं होतं एवढंच, एक पितळी घंटी आणि काही सवयी. घंटी आड्याला टांगलेली असायची. सवयी मात्र आमच्या अंगातच होत्या. गेल्या वाटेनं माघारी यायचं नाही, ही एक. जुने लोक म्हणायचे की आला त्याच वाटेनं परतला तो माल न विकता परतला. बापू, म्हणजे माझे वडील, फुलसावंगीच्या बाजाराला सडकेनं जायचे आणि नाल्यानं यायचे, मग नाल्याला कंबरभर पाणी असलं तरी. दुसरी सवय चालताना. आमच्यात कोणी 'मी थकलो' म्हणत नसे. पुढं घंटीचा बैल चालायचा. घंटी वाजते तोवर चालायचं, घंटी थांबली की सगळ्यांनी जिथल्या तिथं बसायचं. बैल थकला की माणूस, हे विचारायचं नाही. घंटी मागं असली तर वळून पाहायचंही नाही. मोठ्या माणसाचाही मान राहायचा आणि लेकुरवाळ्या बाईचाही.

घरात याडीचा आवाज सगळ्यात आधी यायचा. याडी म्हणजे आई. म्हणजे तिचा नाही, तिच्या बांगड्यांचा. मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि ती बाटी थापायला बसली की त्या वरून खाली आणि खालून वर अशा खळखळायच्या. भाकरीला आम्ही बाटी म्हणतो. त्या आवाजावरून मला पडल्यापडल्या कळायचं की आज पीठ किती आहे आणि याडी कोणावर रागावलेली आहे. हिवाळ्यात मडक्यात तुरीच्या शेंगा मीठ घालून शिजायच्या, सगळ्या घरात तो वास भरायचा. अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल, लसणाची चटणी. बापू जेवताना बोलत नसत. जेवण झालं की ताट दूर सारून म्हणायचे, "आज मीठ बरोबर होतं." मीठ रोजच बरोबर असायचं. तरी याडी रोज ते ऐकायला थांबायची.

नवी ज्वारी घरात आली की गढीची फेरी. पहिल्या दळणाच्या बाट्या कुस्करून गूळ-तुपाचा चुरमा करायचा आणि वर नेऊन ठेवायचा. वर म्हणजे टेकाडाच्या माथ्यावर. कोण्या राजाची गढी होती ते आम्हाला माहीत नाही. दोन बुरूज, त्यातला एक अर्धा खाली आलेला, तटाच्या भेगेतून निघालेला पिंपळ, दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं, आणि वानरं. टाक्याजवळ एक शेंदूर लावलेला दगड. आमचे लोक लादलेले बैल घेऊन जात तेव्हा तिथं मुक्काम करत, एवढं सांगितलं जायचं. पुढं घंटी बांधलेला बैल, त्याचा कासरा आणि काठी घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात, मागं आम्ही सगळे. समोरून चढायचं, मागच्या सागाच्या जंगलातून उतरायचं, झिऱ्यावर पाणी प्यायचं आणि टेकाडाला वळसा घालून तांड्यात. काठी कायम बापूंची. तांड्यात त्यांना कोणी काठीवाला म्हटलं की ते ऐकू न आल्यासारखं करायचे आणि छाती थोडी पुढं यायची.

मी मिसरूड फुटायच्या वयात होतो तेव्हा कपाशी भरलेली गाडी वळणावर उलटली आणि बापू खाली सापडले. मांडी मोडली. हाड बसवणाऱ्यानं बसवलं, पण पाय बोटभर आखूड बसला. सगळा पावसाळा त्यांनी बाजेवर काढला. बाजेवरून ते शेताचा, बैलांचा, माझा असा सगळ्यांचा हिशेब घ्यायचे, पण बाजेवरून. दिवाळीनंतर उठले. घरापासून आंब्यापर्यंत, आंब्यापासून विहिरीपर्यंत. चालताना एक खांदा खाली जायचा. कोणी पाहत असलं की ते थांबून आभाळाकडे पाहायचे, जणू पाऊसपाण्याचा अंदाज घेताहेत.

ज्वारी आली. धरमाकाका, बापूंचे धाकटे भाऊ, अंगणात येऊन बसले. काका मोठ्या आवाजाचा माणूस, मनात काही ठेवता येत नसे त्यांना. म्हणाले, "भिया, यंदा काठी मले दे. तू गाडीत बसून झिऱ्यापाशी ये, आम्ही वरून उतरून तिथं भेटतो."

बापू म्हणाले, "गाडीनंच पाय मोडला. पुन्हा गाडीत कायले बसू?"

"अरे, समजून घे ना. अर्ध्यात तुले नाही जमलं तं माघारी या लागन. आल्या वाटेनं. तांडा पाहून राह्यला."

"तांडा तं पाहतेच. त्याले दुसरं काम काय हाय?" बापूंनी आखूड पाय हातानं जवळ ओढला. मग म्हणाले, "धरमा, मी पायी जाईन आन् गोल फिरून येईन. जर अर्ध्यातून माघारी आलो, तं काठी तुही. यंदाच नाही, कायमची."

काकांचं तोंड उतरलं. त्यांना एवढं नको होतं. पण शेजारच्या दोन ओट्यांवर लोक बसलेले, आणि बापूंनी शब्द बोलून टाकला. काका उठून जाताना याडीला म्हणाले, "वहिनी, याले थोडं सांग." याडी म्हणाली, "तू सांगितलं तेवढं पुष्कळ झालं."

दुपारी बापू बाजेवर झोपले तेव्हा याडीनं मला चुलीपाशी बोलावलं. चुलीतली राख पुढं ओढली, हातानं सपाट केली आणि म्हणाली, "काढ गढी." मी काडीनं टेकाड काढलं. समोरची नाल्याची वाट जवळची, पण उभी आणि सुट्या दगडांची, तिथं धडधाकट माणसाचाही पाय सटकतो. मागची सागातली वाट लांब आणि सोपी. याडी म्हणाली, मागून चढवा. मी म्हटलं, मागून चढवलं तर बापूंना तिथंच कळेल, ते खाली बसतील आणि उठणार नाहीत. सोपी आखायची नव्हती. अवघड तर आखताच येत नव्हती. मग मला गुरांची आडवी वाट आठवली. समोरूनच निघते, नाल्यातून उभी न चढता टेकाडाच्या पोटातून तिरपी तिरपी जाते आणि पडक्या बुरजाखाली निघते. दोन जागा त्यातही उभ्या होत्या, पण त्या ठेवाव्याच लागणार होत्या, नाहीतर बापूंना चढल्यासारखं वाटलं नसतं. शीतल ज्याला मॉडरेट म्हणते ते हेच असावं.

वाट झाली, आता थांबे. याडीनं राखेत बोट ठेवून दाखवलं, "इथं तुहा बापू बसला पाह्यजे. इथं आन् इथं. पण कसा बसन? याच्या आधी तं कवड्या थांबत नाही." कवड्या आमचा म्हातारा बैल, घंटी त्याच्या गळ्यात बांधायची होती. वयानं म्हातारा, पण चालीला खोड नाही. याडीनं सरकीच्या ढेपेच्या पोत्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही दोघं हसायला लागलो. बापूंनी बाजेवरून विचारलं, "काय झालं?" याडी म्हणाली, "मांजर."

मग मी रोज कवड्याला चारायला म्हणून त्या वाटेनं न्यायला लागलो. ठरवलेल्या प्रत्येक जागी दगडाखाली ढेपेचा तुकडा ठेवायचा, कवड्याला तिथं थांबवायचं, दगड सारायचा, खाऊ द्यायचं. वर बुरजापाशी एक, टाक्याजवळ एक, उतारावर दोन. पाचसहा फेऱ्यांत बैल असा शिकला की जागा आली की आपला आपण थांबायचा आणि दगडाला नाक लावायचा. मी घरी येऊन याडीला सांगायचो. ती कधी नव्हे ती माझ्या ताटात तूप जास्त वाढायची. मला वाटायचं, सगळ्या तालुक्यात माझ्यासारखी वाट कोणी आखली नसेल. आजही वाटतं. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

फेरीच्या सकाळी थंडी होती. याडीनं चुरमा फडक्यात बांधला. बापूंनी पागोटं दोनदा बांधलं. कवड्याच्या गळ्यात घंटी बांधली, तशी ती वाजली, आणि तांड्यातली माणसं दारात येऊन उभी राहिली. बापू काठी घेऊन पुढं झाले. नाल्याशी आलो तेव्हा मी म्हणालो, "बापू, नाल्यात दगड लई सुटले यंदा. बैलाचा पाय जाईन. आडव्या वाटेनं घेऊ." बापूंनी माझ्याकडे पाहिलं, मग बैलाकडे. "बैलासाठी म्हणतं तं घे," म्हणाले.

पहिला थांबा छान झाला. कवड्या थांबला, घंटी थांबली, आम्ही सगळे बसलो. मी घाईनं पुढं होऊन दगड सारला. बापू पाय लांब करून बसले आणि पळसाच्या झाडांकडे पाहत राहिले. काका म्हणाले, "बैल लवकर थकला यंदा." याडीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खोकायला लागले.

पण कवड्याची ढेप संपली, तसं त्याला आठवलं की पुढच्या दगडाखाली अजून आहे. तो निघाला, आणि जो निघाला तो चालला नाही, सुटला. मी त्याला थांबायला शिकवलं असं मला वाटत होतं. तो शिकला होता ते पुढच्या थांब्यावर लवकर पोचायला. उभी जागा नेमकी मधेच. बापू कासरा धरून त्याच्यामागं ओढले गेले, आखूड पाय दगडावर, काठी दुसऱ्या हातात. थोडं अंतर त्यांनी कासरा धरून ठेवला. मग कासरा हातातून निसटला. कवड्या शेपूट वर करून झाडांत शिरला. घंटी वर वर जात लहान झाली. बापू उभ्या चढावर मधोमध उभे राहिले, दोन्ही हात काठीवर, पाठ आमच्याकडे.

घंटी वाजत असताना बसायचं नाही, हा नियम. बापू आधी बसले तर ते थकले असं होईल. चढता तर येत नव्हतं. उरलं माघारी फिरणं. याडीच्या बांगड्या मी कधी एवढ्या गप्प ऐकल्या नव्हत्या, तिनं दुसऱ्या हातानं त्या दाबून धरल्या होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की सगळं माझ्यामुळं झालं, पण त्यानं काय झालं असतं?

तेवढ्यात वर घंटी थांबली.

बापूंनी मान वर केली. थोडं ऐकलं. मग पाठीमागं न पाहता, रोजच्या आवाजात म्हणाले, "घंटी थांबली. बसा."

आणि बसले. काका सगळ्यात उजवीकडे उभे होते, तिथून झाडांमधून वरची जागा उघडी दिसत होती. दगडाला नाक लावून ढेप शोधणारा बैल त्यांना साफ दिसत होता. मनात काही न ठेवता येणारा माणूस. मी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी एकदा वर पाहिलं, एकदा भावाच्या पाठीकडे. म्हणाले, "थांबला खरं. म्हातारा झाला बावा बैल," आणि मांडी घालून बसले. पाठोपाठ याडी बसली आणि तिच्या बांगड्या सुटून खळकन वाजल्या. वर कवड्याला दगड एकट्यानं सारता येईना, त्यामुळं तो तिथंच उभा राहिला आणि आम्ही पुष्कळ वेळ बसलो. काकांनी तंबाखू काढली, बापूंना दिली. दोघा भावांनी काठीच्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदा एका हातावरची तंबाखू खाल्ली.

वर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. चुरमा दगडापुढं ठेवला, मग आम्ही खाल्ला, वानरांनी खाल्ला. बापू टाक्याच्या काठावर बसले होते. त्यांनी काठीच्या टोकानं शेजारचा एक दगड उलटला. खाली ढेपेचा तुकडा. त्यांनी तो उचलला, वास घेतला आणि मला हाक मारली.

"हिऱ्या, उतारावर पण ठेवली काय?"

मी खाली पाहत म्हणालो, "दोन जागी."

"चढाले ठीक हाय. उताराले बैल पळाला तं त्याच्या पुढचा माणूस कुठं जाईन?"

बापूंनी तुकडा कवड्याच्या तोंडात दिला आणि त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आता घंटी मागं राहीन. मी याले धरून मागं चालतो, दाबून. तू पुढं हो." आणि काठी माझ्यापुढं धरली.

काका म्हणाले, "भिया, काठी त्याले काहून?"

"वाट त्यानं आखली. ज्यानं आखली त्यानंच दाखवा लागते."

"त्यानं कधी आखली?"

बापू म्हणाले, "चुलीपुढची राख पुसाले विसरली याची याडी." याडी पिंपळाकडे पाहत होती. खूप वेळ पाहत होती. काकांनी तोंड उघडलं, मिटलं आणि मग मला म्हणाले, "घे ना मंग. पाहत काय उभा राह्यला?"

मी पुढं झालो. सागाची पानं गळत होती, मोठमोठी, वाळून पापडासारखी झालेली. पायाखाली एवढा आवाज की बाकी काही ऐकू येऊ नये. तरी मला मागची घंटी ऐकू यायची. ती संथ वाजायची, एक, मग थांबून एक. निघताना एकदा, फक्त एकदा, वाट वळली तिथं मला तिरपं दिसलं. बापूंचा हात कवड्याच्या वशिंडावर होता. बैलाला दाबून धरलं असं म्हणायचं, आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलेलं. कवड्याही तसाच चालला, एकेक पाय जपून, जणू त्याच्या पाठीवर पुन्हा मीठ लादलेलं आहे. उतारावरच्या ढेपेच्या जागा आल्या, तिथं मी आधीच दगडाखालून तुकडे काढून खिशात घातले. त्यानंतर घंटी थांबली की मी बसायचो. कितीदा थांबली ते मोजलं नाही. वळून पाहिलं नाही. झिऱ्यावर पाणी प्यायलो, टेकाडाला वळसा घातला आणि पळसाच्या माळावरून, सकाळी गेलो त्याच्या दुसऱ्या बाजूनं, तांड्यात शिरलो. दारात माणसं होती. कोणी काही विचारलं नाही, कारण काका पुढं होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फेरी पुरी झाली. मोठा भाऊ पायी आला."

रात्री जेवण झाल्यावर बापूंनी ताट दूर सारलं आणि म्हणाले, "आज मीठ कमी होतं." याडी एवढी हसली की तिला उठून बाहेर जावं लागलं.

आता बैल नाहीत. ट्रॅक्टर आहे, त्याला घंटी बांधता येत नाही. काल शीतल माळ्यावरून ती पितळी घंटी काढून घेऊन आली. घासून चकचकीत केलेली. म्हणाली, "आबा, उद्या ही मी माह्या सॅकले बांधते. वाजायची थांबली की सगळ्यांनी बसायचं."

मी म्हटलं, "कायले?"

"मी लवकर थकते आबा."

ही पोरगी कॉलेजात पळण्याच्या शर्यती जिंकते. घरात तिच्या ढाली ठेवायला जागा नाही. मी तिच्याकडे पाहिलं, ती मोबाईलमध्ये पाहत राहिली. रेघेवर तिनं जागोजागी लहान खुणा केल्या होत्या. फोटो काढायच्या जागा आहेत म्हणे. दोन उभ्या जागा तिनंही तशाच ठेवल्या होत्या.

मी म्हटलं, "सॅकले नको. वाट ज्यानं आखली तो पुढं चालते. घंटी मागं असते. आण इकडं."

तिनं दिली. मी ती माझ्या काठीला बांधली, दोन गाठी मारून, हलवून पाहिली. आवाज तोच आहे. तिला सांगितलं, "थांबली की बसायचं. वळून पाहायचं नाही."